ठोका लागतोय, पण घिस्सा कुठाय?

आजचा भाग थोडा घरचा आहे.

आम्ही हेदवीचे. पावसाळ्यात आमच्याकडे हवेत इतका ओलावा असतो, की तबल्याचं कातडं सैल पडतं. गणपतीतली भजनं तोंडावर आणि सूर काही टिकत नाही. म्हटलं, "बाबा, तुम्हाला इलेक्ट्रॉनिक तबला-डग्गा करून देतो."

पहिला प्रयत्न पिझोचा. बझरमध्ये असते ना, ती पितळी चकती. धक्का बसला की ती व्होल्टेज देते. रबरी पॅडखाली चिकटवली, १ मेगाओहमचा रेझिस्टर समांतर लावला, आर्डुइनो ऊनोला जोडली. थाप पडली की लगेच आवाज, हळू-जोरही कळतोय. मी खूश! बाबांनी दोन मिनिटं वाजवलं आणि म्हणाले, "ठोका लागतोय रे, पण घिस्सा कुठाय?"

तिथे माझी ट्यूब पेटली. डग्ग्यावर नुसती बोटं मारून भागत नाही. मनगट कातड्यावर दाबून सरकवलं की सूर चढतो. पिझोला मात्र फक्त बदल कळतो. हात दाबून ठेवलात, तर त्याचं व्होल्टेज ओसरून जातं.

मग घेतला एफएसआर, म्हणजे दाब ओळखणारी पातळ पट्टी. दाब वाढला की तिचा रोध कमी होतो आणि दाब असेपर्यंत आकडा टिकतो. सोबत १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की ऊनोवर ० ते १०२३ मधला आकडा मिळतो. त्यावरून सूर वर-खाली करायचा. वजनकाट्याइतकी अचूक नसते ती, पण इथे ग्रॅम कुणाला मोजायचेत?

ही कल्पना नवी नाही. २००२ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला अजय कपूर आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक तबला मांडला, त्यातही एफएसआरच होते.

टच सेन्सरही लावून बघितला. पण त्याला जोर कळत नाही, नुसता स्पर्श कळतो. त्यात घामेजलेले हात, म्हणजे भलतेच बोल!

आता बोटांखाली पिझो, मनगटाखाली एफएसआर. दोन्ही पॅडांमध्ये फोम घातलाय, नाहीतर एकावर मारलं की दुसरंही वाजतं.

तुम्ही काही बनवणार असाल, तर दुकानात जाण्याआधी वाजवणाऱ्याचा हात बघा. तो मारतो, दाबतो की घासतो? सेन्सर त्यावरून ठरतो.

बाबांनी अजून 'पास' म्हटलेलं नाही. पण परवा घिस्सा मारला आणि हसले. भेटू पुढच्या भागात!