मल्लखांबाला राळ लावावी काय?

आजचा विषय लहान आहे आणि तो मी मुद्दामच लहान ठेवणार आहे. मल्लखांबाला राळ लावावी काय, लावावी तर कोठे व किती, एवढाच तो प्रश्न. गेल्या काही वर्षांत हा आपला जुना खेळ मध्यमवर्गीय घरांत पुन्हा शिरू लागला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईस शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्यास स्थान मिळाले. ज्या माउल्या मुलास झाडावर चढू देत नसत, त्याच आता त्याला लंगोट नेसवून खांबाशी उभा करतात, ही आनंदाचीच गोष्ट म्हणावयाची. परंतु मूल पहिल्या आठवड्यातच खांबावरून घसरते, आणि मग घरोघर वाद सुरू होतो. खांब इतका गुळगुळीत ठेवावयाचा कशाला? त्याला काही चिकट फासून का ठेवीत नाहीत?

ह्याचे उत्तर खेळाच्या उगमात आहे. हा खांब मुळात मल्लाचा, म्हणजे कुस्तीगिराचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. आणि ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या सोलापुराहून काही फार दूर नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुढे ह्या विद्येचे पुनरुज्जीवन केले. तिच्यासंबंधीच्या कथा पुष्कळ आहेत. त्या आज बाजूस ठेवू. मुद्दा एवढाच की खांब हा प्रतिस्पर्ध्याच्या ठिकाणी कल्पिलेला आहे, आणि प्रतिस्पर्ध्याचे अंग घामाने निसरडे असते. जो त्याला धरावयास शिकेल त्याने निसरडेपणा गृहीत धरूनच शिकले पाहिजे.

म्हणून सागवानी किंवा शिसवी लाकडाचा हा खांब तासून गुळगुळीत करतात. जमिनीवर सुमारे साडेआठ फूट, बुडाशी जाड, वर निमुळता, त्यावर मान आणि मानेवर बोंड. त्याला एरंडेल तेल चोळतात. आणि इतके करून खेळाडू आपल्या तळहातांस व मांड्यांस राळेची पूड लावून येतो! नवख्यास हे मोठे विचित्र वाटते. एका हाताने निसरडे करावयाचे आणि दुसऱ्या हाताने चिकट, हा काय प्रकार?

ह्यात विसंगती नाही. अढी कशी मारतात ते डोळ्यांपुढे आणा. हातांनी खांब धरून कंबर उचलावयाची, अंग उलटे करावयाचे आणि पायांचा विळखा खांबाला घालावयाचा. विळखा पडला की पकड हवी. परंतु तेथवर पोहोचताना आणि पुढे दुसऱ्या अढीत जाताना अंग खांबावरून सरकले पाहिजे, फिरले पाहिजे. धरणे आणि सोडणे ह्या दोन्ही क्रिया क्षणाक्षणाला आलटून पालटून होतात. एरंडेल कातडीचे घर्षण सौम्य करते आणि लाकूड तडकू देत नाही. राळ पकडीस साहाय्य करते.

आता राळ म्हणजे काय तेही पाहू. पाइन जातीच्या झाडांच्या चिकातून टर्पेंटाइन तेल काढून घेतल्यावर जो पिवळसर, काचेसारखा ठिसूळ पदार्थ मागे उरतो तो हा. सारंगीचा गज तिच्यावाचून मुका असतो. राळ लावलेला केस तारेला धरतो, ओढ असह्य झाली की सोडतो, पुन्हा धरतो. हे एका सेकंदात शेकडो वेळा होते आणि त्यातून सूर निघतो. राळेचा हा स्वभाव ध्यानी घ्या. ती स्थिर असताना घट्ट धरते, आणि सुटली की एकदम सुटते. सारंगीवर त्याचा स्वर होतो. मुलाच्या मांडीवर त्याचा हिसका होतो. जाड राळ फासलेल्या खांबावरून मूल सावकाश घसरत नाही, ते अडकते आणि मग एकाएकी निखळते. चामडी सोलवटते ती बहुधा त्याच वेळी.

आमच्या गावात ही गोष्ट गिरणीतल्या माणसांस पूर्वी चांगली ठाऊक होती. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली, जिला सारे गाव पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. आज ती नाही. त्या काळच्या गिरण्यांत एका मोठ्या इंजिनाची शक्ती छताखालच्या दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी यंत्रायंत्राला पोहोचवीत. पट्टा घसरू लागला की अडाणी माणूस त्यावर राळ टाकी. पट्टा लगेच धरी आणि माणूस खूष होई. परंतु थोड्याच दिवसांत चामड्यावर काचेसारखा कठीण थर बसे, पट्टा अधिकच घसरे, मग आणखी राळ. जाणते लोक राळेस हातही लावीत नसत. ते पट्टा पुसून त्याला एरंडेल पाजीत, म्हणजे चामडे मऊ राहून चाकाला नीट टेकत असे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक वृद्ध कामगार होते. ते हे सांगत तेव्हा मला त्यात मल्लखांबाचा काही संबंध दिसला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात तो दिसण्याचा प्रसंग आला. येथील एका शाळेच्या आवारात सायंकाळी मुले सराव करतात. पारा बेचाळीस अंशांवर, मुलांची अंगे घामाने निथळत असलेली. अशात एक दहा वर्षांचा मुलगा अढीतून निसटला. हाड मोडले नाही, पण मांडी व कोपर चांगलेच खरचटले. दुसऱ्या दिवशी पालकांची सभा भरली. चार घरांनी मुलांची नावे काढून घेण्याची भाषा केली. एका गृहस्थांनी वर्गणी काढून खांबाच्या खालच्या अर्ध्या भागास खरबरीत रबर चिकटवावे अशी सूचना मांडली, आणि ती टाळ्यांच्या गजरात पसंतही पडू लागली. प्रश्न तडीस नेण्यास पाच जणांची समिती नेमली गेली; तीत मी एक होतो.

रबराविषयी मला उपयोगी पडली ती एका परदेशस्थ आप्ताची हकीकत. हा तरुण ऑस्ट्रेलियात असतो आणि समुद्राच्या लाटांवर फळीवर उभा राहून धावण्याचा नाद त्याला आहे. हा खेळ मूळचा हवाई बेटांतला. फळी निसरडी, म्हणून तिच्यावर मेण घासतात. ते उन्हात वितळते, झिजते, पुन्हा घासावे लागते. त्याऐवजी कायमची चिकटवावयाची खरबरीत गादी बाजारात मिळते. ती घ्यावी की नाही ह्यावर त्याने महिनाभर विचार केला, आणि अखेर फळीच्या शेपटाकडे, जेथे मागचा पाय रोवून फळी वळवितात, तेवढ्याच जागी ती लावली. तेथे तिचा आणखी एक लाभ असा की मागे न पाहता पायाला आपली जागा कळते. बाकी फळीवर मेणच. कारण विचारता म्हणाला, पुढचा पाय सारखा हलवावा लागतो, आणि फळीवर पालथे पडून हातांनी पाणी कापताना खरबरीत गादीने छाती सोलून निघते.

मी समितीपुढे हेच मांडले. जेथे पाऊल एकाच जागी रोवावयाचे तेथे कायमची पकड योग्य. मल्लखांबावर अशी जागाच नाही. त्याच्या प्रत्येक बोटभर भागावर अंग कधी टेकते, कधी सरकते. रबर लावले तर मूल पडणार नाही हे खरे. पण ते फिरणारही नाही, आणि साध्या खांबावर नेले की पहिल्या दिवसापासून आरंभ. शिवाय रबराची कड जेथे संपेल तेथे मांडी कापली जाईल ती निराळीच. एका सभासदांचा आक्षेप होता की लहान मुलांस एवढा न्याय कशाला, त्यांना फक्त भीती जाऊ द्या. आक्षेप वजनदार होता. भीती घालविण्यास मात्र माझ्या मते खांब बदलण्यापेक्षा जमीन बदलणे बरे.

तेव्हा ठरले ते असे. रबर नाही. खांबावर राळ नाही. ती अंगाला, तीही चिमूटभर, घाम टिपून कोरडे झाल्यावर. ओल्या अंगावर लावलेल्या राळेचा चिखल होतो. डबी शिक्षकांजवळ राहील. एरंडेल हलक्या हाताने लावून फडक्याने पुसून काढावयाचे, कारण तेलात राळ मिसळली की डिंकासारखा लेप बनतो आणि त्यात धूळ बसते. तो आठवड्यातून एकदा खरवडून टाकावयाचा. वैशाखात सराव सकाळी सहाला. आणि खांबाभोवती जाड गादी. रबरासाठी जमलेली वर्गणी तिकडे वळविण्याचा ठराव झाला. वर्गणीदारांपैकी दोघांनी आपले पैसे परत मागितले; ते त्यांना देण्यात आले.