जीभ जड नाही, कान तपासा

पाहुण्यांचं आटोपलं की नाच सुरू होणार म्हणून वाट पाहणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो,

मी मुंबईत वाचा आणि श्रवण उपचाराचं शिक्षण देतो. म्हणजे नेमकं काय, असं मघाशी चहा घेताना तुमच्या सरांनी विचारलं. त्याचंच उत्तर इथं देतो.

आपल्याकडं मूल दोन वर्षांचं होऊनही बोलेना, की वेखंड उगाळलं जातं. आजी म्हणते, जीभ जड आहे. शेजारीण म्हणते, जिभेखालचा पडदा कापून आणा. काका सांगतात, याचा बापही उशिराच बोलला होता. एवढ्या सल्ल्यांत कानाचं नाव कुणी घेत नाही. ज्याला आपण मुकं म्हणतो, त्याचा गळा, जीभ, ओठ बहुतेकदा शाबूत असतात. त्याला ऐकू येत नाही, म्हणून बोलणं शिकता येत नाही. मेंदू भाषा झपाट्यानं शिकतो तो पहिल्या तीन-चार वर्षांत. त्यामुळे पहिल्या महिन्यात कानाची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असं जगभर मानलं जातं. झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही ‘बेरा’ ही कानाची तपासणी होते, त्याला काही सांगावं लागत नाही. आणि आमच्याकडं मूल येतं कधी? बरेचदा शाळेत नाव घालायची वेळ आली म्हणजे!

हे उपचार करणारे घडतात कुठं? मुंबईच्या नायर रुग्णालयात 1966 साली वाचा आणि श्रवण उपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. 1983 मध्ये वांद्र्याला श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिला अली यावर जंग यांचं नाव आहे. पुण्यात भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळतं. अशा महाविद्यालयांना जोडून उपचार केंद्र असतं. तिथं तुमच्या मुलासमोर बसते ती वीस-एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. पालक दबक्या आवाजात विचारतात, “शिकाऊ आहे का हो ही?” आहे. पण तिनं आजचा पाठ आधी लिहून तपासून घेतलेला असतो, आणि तिच्या कामावर शिक्षकांची नजर असते. ठोकळा कानाशी धरायचा आणि आवाज आला की डब्यात टाकायचा, हा खेळ ती न कंटाळता पुन्हा पुन्हा खेळते. त्या खेळातूनच मुलाला किती ऐकू येतं ते कळतं.

मात्र एका ठिकाणी ती हमखास अडते. डोळ्याचं चित्र दाखवून ती विचारते, हे काय? तुमच्या नांदुरा-मलकापूरकडचं पोर सांगतं, “डोया.” ती वहीत लिहून टाकते, उच्चारदोष. अहो, दोष कसला? आजी डोया म्हणते, बाप डोया म्हणतो, अख्खा गाव शाळेला शाया म्हणतो. पोर ऐकलं तेच चोख शिकलं आहे. शहरातल्या विद्यार्थ्यांना हे समजावता समजावता मी थकतो. इथली मुलगी हे शिकायला आली, तर तिला ते समजवावं लागणार नाही.

आणखी एक अडचण अंतराची. उपचार आठवड्यातून दोन-तीनदा हवेत, आणि नांदुऱ्याहून मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी. म्हणून आम्ही आईला शिकवतो. भाकरी थापताना, शेंगा फोडताना, म्हैस दोहताना मुलाच्या समोर बसून बोला, त्याचं तोंड तुमच्याकडं असू द्या, आणि ते उत्तर देईपर्यंत थांबा. थांबणंच सगळ्यांना जड जातं. श्रवणयंत्र रोज दिवसभर लावा, पाहुणे आले की काढून ठेवू नका.

सगळ्यांनी तोंडानंच बोलावं, असा माझा हट्ट नाही. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. मूल कोणत्याही भाषेविना राहू नये, एवढंच.

मोठ्यांचंही सांगतो. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले आजोबा उपचारानं पुन्हा बोलू शकतात, त्यांना वेडे समजू नका. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांना मात्र एकच सांगतो, स्वरयंत्र काढावं लागलेले रुग्ण आमच्याकडं येतात. आणि व्यवस्थापक महाशय, स्पीकरसमोर बसलेली ती चिमुरडी मुलं जरा मागं सरकवा. कानातल्या नाजूक पेशी मेल्या की परत उगवत नाहीत.

पालकहो, अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना शंका बोलून दाखवा. जिल्हा रुग्णालयात कान तपासून घ्या. लहान वयात निदान झालं, तर कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे कानात बसवायच्या उपकरणासाठी केंद्राच्या योजनेतून मदत मिळू शकते.

आणि बारावी विज्ञानच्या मुलामुलींनो, डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून तिसरं नाव हवं असेल, तर बीएएसएलपी लिहून घ्या, ही आमच्या विषयाची पदवी. चार वर्षं, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असल्याशिवाय कुठंही पैसे भरू नका. आणि शिकून झाल्यावर सगळेच मुंबई-पुण्याला राहू नका, निदान काही जण तरी बुलढाणा जिल्ह्यात परत या.