टाकी ४२ लिटरची, बिल ४६ लिटरचं

(बेंगळुरूमधील मराठी खातेदारांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय आवर्त ठेव नाही, विमा नाही, व्याजदरही नाही. मागच्या वेळी चहाच्या वेळेला टॅक्सी चालवणाऱ्या एका खातेदाराने विचारलेला प्रश्न आहे. त्यांच्या गाडीच्या पुस्तिकेत टाकी ४२ लिटरची लिहिली आहे आणि पंपावर बिल झालं ४६ लिटरचं. ते म्हणाले, "साहेब, हे चार लिटर गेले कुठे?" भोवतीच्या चार-पाच जणांनी लगेच निकाल देऊन टाकला, की पंपवाल्याने फसवलं. पण निकाल इतका सोपा नाही. फसवणूक होतच नाही असंही मी म्हणणार नाही. ती कुठे होते आणि कशी मोजायची, हे समजलं तर वर्षाला काही हजार रुपये वाचू शकतात. म्हणून हा विषय घेतला.

आधी टाकीचं पाहू. घरात आपण "एक लिटरचं पातेलं" म्हणतो. त्यात काठोकाठ पाणी भरलं तर लिटरपेक्षा जास्त मावतं, कारण दूध उतू जाऊ नये म्हणून वर जागा ठेवलेली असते. गाडीच्या टाकीचंही तसंच आहे. पुस्तिकेतला आकडा हा काठोकाठचा आकडा नसतो. टाकीच्या वरच्या भागात कंपनी मुद्दाम मोकळी जागा ठेवते. डिझेल तापलं की फुगतं. जमिनीखालच्या टाकीतून आलेलं २० अंशांचं डिझेल उन्हात ३५ अंशांपर्यंत तापलं, तर ४२ लिटरमागे साधारण अर्धा लिटर वाढ होते. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर, हवा थंड. पण हीच गाडी सुट्टीत विजापूर-सोलापूरकडे मे महिन्यात जाते, तेव्हा त्या जागेचा उपयोग कळतो. या जागेखेरीज भरायच्या नळीत, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंतच्या मानेत, वेगळं डिझेल मावतं. सगळं धरून अनेक मॉडेलांत पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त इंधन बसू शकतं.

छोट्या डिझेल गाड्यांचे छापील आकडे सांगतो. इंडिका ३७ लिटर, शेव्हरोले बीट ३५, रिट्झ आणि पहिली स्विफ्ट ४३, २०११ ची स्विफ्ट ४२, २०१८ ची स्विफ्ट ३७, पोलो आणि फिगो ४५. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, इंडिका तर त्याआधीच गेली. तरी जुन्या बाजारातून घेतलेल्या या गाड्यांवर आपल्यातल्या बऱ्याच जणांचं घर चालतं. म्हणून हे आकडे अजून कामाचे आहेत.

आता नोझल आपोआप बंद का होतं ते बघा. नोझलच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. त्यातून हवा ओढली जात असते. इंधन वर येऊन ते भोक झाकलं गेलं की आतली हवा अडते आणि खटका पडतो. टाकी किती भरली हे त्या खटक्याला कळत नाही, भोक झाकलं गेलं एवढंच कळतं. डिझेलला फेस येतो. पेट्रोलपेक्षा पुष्कळच जास्त. जोरात भरलं तर फेसानेच भोक झाकलं जातं आणि खटका लवकर पडतो. दोन मिनिटं थांबलात तर फेस बसतो आणि आणखी दोन-तीन लिटर सहज जातात. गाडी उतारावर उभी असेल तर वेगळं, सपाटीवर असेल तर वेगळं. एकाच गाडीत, एकाच पंपावर, दोन दिवशी दोन वेगळ्या ठिकाणी खटका पडतो, त्यात लबाडी नसते.

मग त्या ४६ लिटरचं काय? उत्तर एका उलट प्रश्नात आहे: भरायच्या आधी टाकीत किती होतं? टाकी जवळजवळ कोरडी होती आणि मानेपर्यंत भरून घेतलं, तर ४२ च्या टाकीत ४६ बसू शकतात. पण काटा पाव टाकीवर होता, म्हणजे आत साधारण दहा लिटर होते, आणि बिल ४० लिटरचं झालं, तर एकूण ५० होतात. तिथे शंका घ्यायला जागा आहे. गंमत अशी, की या दुसऱ्या बिलात आकडा ४२ पेक्षा कमी आहे, म्हणून त्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही. भांडण होतं ते ४६ वर. फेब्रुवारी २०२३ मध्ये जबलपूरला उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या ५० लिटर टाकीच्या गाडीत ५७ लिटर भरल्याचं बिल आलं आणि पंपावर कारवाई झाली, अशा बातम्या आल्या होत्या. त्यानंतर प्रत्येकजण पुस्तिका काढून बघायला लागला. बघावीच, पण पुस्तिका हे माप नव्हे.

मापाने फसवणूक होते तेव्हा ती बहुधा टाकी फुल करताना उघडी पडत नाही, कारण आपल्यातले बहुतेक जण टाकी फुल करतच नाहीत. पाचशेचं टाका, हजाराचं टाका, असं चालतं. हिशोब सोपा राहावा म्हणून डिझेल नव्वद रुपये लिटर धरू. टॅक्सीवाला रोज हजाराचं भरतो. मापात पाच टक्के कमी मिळालं तर रोजचे पन्नास रुपये गेले. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,३०० रुपये आणि वर्षाला १५,६००. आवर्त ठेवीचा हप्ता आहे हा. आपल्या याच कर्नाटकात, उडुपीला, १९२८ साली सिंडिकेट बँकेने दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायची पिग्मी सुरू केली. रोजच्या छोट्या रकमेत किती ताकद असते ते तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. गळतीलाही तेच गणित लागू आहे.

कायद्याने किती फरक चालतो? अर्धा टक्का. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर. म्हणजे हजाराच्या डिझेलमागे पाच रुपये. एवढ्यासाठी वाद घालू नये. यंत्रात तेवढा फरक राहणारच. त्याच्या पलीकडे गेलं तर मात्र तो गुन्हा आहे.

आणि तपासायचा हक्क तुमचा आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा, जुन्या भाषेत वजन-मापं खात्याचा, शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं. गिऱ्हाइकाने मागितलं की त्यात पाच लिटर ओतून दाखवायचे. इथे बेंगळुरूत सांगायचं, "अण्णा, ऐदु लीटर अळते माडि तोरिसि." आवाज चढवायची गरज नाही. माप सपाट जागेवर ठेवलं आहे का, आधी आतून ओलं करून निथळून घेतलं आहे का, वर चालू मुदतीचा शिक्का आहे का, ते बघा. मग मानेवरच्या खुणेशी डोळा आणून वाचा. ते डिझेल परत पंपाच्या टाकीत जातं, तुम्हाला पैसे पडत नाहीत. डिस्पेन्सरचीही दरवर्षी पडताळणी होऊन शिक्का लागतो, तोही बघायला मागता येतो. आपल्यात विटा-खानापूरकडची गलाईच्या धंद्यातली मंडळी आहेत. दुसऱ्याच्या काट्यावर सोनं तोलताना ती जशी नजर ठेवतात, तशीच इथे ठेवायची, एवढंच.

माप बरोबर असूनही पैसे जातात ते हातचलाखीत. पोरगा "झीरो नोडी" म्हणतो तेव्हा खरंच बघा. दुसरा प्रकार जास्त चालतो: तुम्ही हजार सांगता, तो दोनशेवर थांबवतो, "चुकून झालं" म्हणतो, पुन्हा सुरू करतो आणि आठशेवर थांबवतो. तुम्हाला वाटतं दोनशे आणि आठशे मिळून हजार झाले. पण आकडा शून्यावर न आणता तो दोनशेवरूनच पुढे गेलेला असतो, म्हणजे मिळालं आठशेचंच. गाडीतून उतरून उभं राहणं हाच यावर उपाय. ५०० ऐवजी ५१० चं भरलं की फसवणूक होत नाही, असं काही लोक सांगतात. यंत्राला पाचशे आणि पाचशे दहा सारखेच.

२०१७ साली मात्र वेगळंच उघडकीला आलं. एप्रिलमध्ये लखनौला आणि त्यानंतर ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले. यंत्रात चिप बसवून माप कमी केलेलं सापडलं. अशी काही यंत्रणा दुरून बंद-चालू करता येत होती. म्हणजे तपासणीच्या वेळी माप चोख आणि एरवी कमी. मग पाच लिटरचं माप तरी काय करणार?

इथे वही उपयोगी पडते, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात चांगली सवय. टाकी पहिल्या खटक्यापर्यंत भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. समजा तो ४८,२१० आहे. पुढच्या प्रत्येक वेळी पहिल्या खटक्यापर्यंतच भरा आणि लिटर लिहा. पाच वेळा भरून झालं, आकडा ५१,३३० झाला. गाडी ३,१२० किलोमीटर चालली. या पाच वेळच्या लिटरांची बेरीज १९२.५ झाली, तर सरासरी १६.२. पहिल्या दिवशी भरलेले लिटर यात धरायचे नाहीत, ती नुसती सुरुवातीची खूण आहे. पाच वेळाच का? खटका दीड लिटर इकडेतिकडे पडू शकतो. एकदाच ३८ लिटर भरून सरासरी काढली तर त्या दीड लिटराने चार टक्के चूक होते. पाच वेळच्या बेरजेत मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, फक्त पहिल्या आणि शेवटच्या खटक्याची उरते, ती एका टक्क्याच्या आत. मग पंप बदला आणि पुन्हा पाच वेळा लिहा. पाच टक्के कमी देणाऱ्या पंपावर १६.२ ची सरासरी १५.४ वर आलेली दिसेल. टायरची हवा, एसी आणि सिल्क बोर्डचा ट्रॅफिक यांनीही सरासरी पडते, म्हणून वहीवरून थेट आरोप करू नका. शंका पक्की झाली की पंप सोडा, किंवा तक्रार करा.

टाकी मानेपर्यंत भरावी का? नको. "उन्हाळ्यात टाकी फुल भरली तर स्फोट होतो" असा इंडियन ऑइलच्या नावाने फिरणारा संदेश खोटा आहे, कंपनीने तसं जाहीर केलं आहे. छापील क्षमतेपर्यंत भरायला कुठल्याच ऋतूत हरकत नाही. पण खटका पडल्यावर ठोकून ठोकून भरलेलं डिझेल तापलं की झाकणातून गळतं, ते तुमचेच पैसे. कोल्हापूर-सांगलीला जाणारे लोक निपाणीला टाकी भरून घेतात, कारण कर्नाटकात डिझेल बऱ्याचदा महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं. दोन्हीकडचा त्या दिवसाचा दर बघून जरूर भरा. लिटरला दोन रुपये फरक असेल तर चाळीस लिटरवर ऐंशी रुपये सुटतात. मानेतल्या जादा चार लिटरवर आठ रुपये. आठ रुपयांसाठी दहा मिनिटं नोझल हलवत उभं राहायचं का, ते तुम्ही ठरवा.

खालच्या टोकाची चूक जास्त महाग पडते. दिवा लागला की बहुतेक छोट्या गाड्यांत पाच-सात लिटर उरलेले असतात. काहीजण त्यावर शंभर किलोमीटर हाकतात. पेट्रोलची गाडी कोरडी पडली तर पेट्रोल ओतून बहुधा सुरू होते. डिझेलच्या नळ्यांत हवा शिरते, ती काढावी लागते. शिवाय नव्या इंजिनातल्या उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. तो पंप किंवा इंजेक्टर गेले तर खर्च हजारांत जातो आणि गाडी उभी राहिली तेवढे दिवस धंदा बुडतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. तळाचे पाच लिटर म्हणजे साडेचारशे रुपये. खात्यातल्या किमान शिलकीसारखे ते कायमचे टाकीतच आहेत असं समजा.

तक्रारीचं थोडक्यात. बिल मागून घ्या, त्यावर तारीख, वेळ, लिटर आणि दर असतो. नोझलचा क्रमांक नसेल तर मागे लिहा. भरण्याआधी काटा कुठे होता त्याचा फोनवर फोटो असला तर फारच चांगलं. जागेवर पाच लिटरचं माप मागा. नाकारलं तर तेही लिहा, कारण नकार हीच एक तक्रार आहे. पंपावर तेल कंपनीचा क्रमांक लावलेला असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. माप कमी भरलं असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात लेखी अर्ज द्या, ते यंत्र तपासून सील करू शकतात. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. अर्ज लिहायला अडचण आली तर वही आणि बिलं घेऊन शाखेत या. बिलाचा कागद मात्र झेरॉक्स काढून आणा, कारण पंपाच्या बिलावरची शाई दोन महिन्यांत उडून जाते.