मुलांना बोलते करण्यासाठी

(आदिवासी वसतिगृहांत इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या स्वयंसेवकांसमोर दिलेले भाषण)



जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्यापैकी बरेच जण रविवारची उपासना आटोपून वसतिगृहांत इंग्रजी शिकवायला जाणार आहात. म्हणून आज एकाच गोष्टीविषयी बोलतो. वर्गात मुलांना बोलते कसे करावे?

प्रथम त्या मुलांची परिस्थिती ध्यानात घ्या. नंदुरबार जिल्ह्यातले मूल घरी भिली, पावरी किंवा मावची बोलते. शाळेत पाऊल टाकताच त्याच्यापुढे मराठी येते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी विषय आहे. म्हणजे सहा वर्षांच्या लेकरावर दोन परक्या भाषा एकदमच येतात. एकदोनदा चुकले, वर्ग हसला, की ते मूल तोंड मिटून घेते. आपण म्हणतो, ‘अभ्यासात कच्चे आहे.’ खरे तर ते घाबरलेले असते. पुढे हीच मुले नर्सिंगच्या किंवा आयटीआयच्या प्रवेशासाठी जातात, नोकरीच्या मुलाखतीला बसतात. उत्तर येत असूनही तोंडातून शब्द फुटत नाही आणि संधी हातची जाते.

आता थोडा हिशेब मांडू. वर्गात ४० मुले आणि तास ४० मिनिटांचा. शिक्षक एकटाच अर्धा वेळ बोलला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट येते. त्याच मुलांच्या २० जोड्या करा आणि दहा मिनिटे त्यांना आपसांत बोलू द्या. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील. गलका होईल, होऊ द्या. पाहुण्यांसमोर सगळ्यांनी एका सुरात म्हटलेले इंग्रजी गाणे ऐकायला गोड लागते. पण त्यातल्या कोणत्या मुलाला स्वतःचे एक वाक्य बोलता येते, हे त्यावरून कळत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे काही उपक्रम सांगतो.

पहिला, ऐका आणि करा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. ‘स्टँड अप’, ‘गो टू द डोअर’, ‘पुट द स्टोन इन द बास्केट’ असे म्हणत आपण आधी स्वतः करून दाखवायचे, मग मुलांनी ऐकून तसे करायचे. सुरुवातीला कोणावरही बोलण्याची सक्ती नाही. कान तयार झाले की पाळी उलटवा: मुलांनी हुकूम सोडायचे, शिक्षकाने पाळायचे. सरांना दारापर्यंत पळवायला मिळते आहे म्हटल्यावर लाजरे मूलही पुढे येते.

दुसरा, बाजार. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे वस्तूंची यादी, दुसऱ्याकडे भावांचा कागद. नागली, वरई, कांदे, मीठ, साबण, असे रोजच्या हाटातलेच जिन्नस घ्या. ‘हाऊ मच इज द सॉल्ट?’ असे विचारल्यावाचून यादी पुरी होत नाही. इथे विचारण्याला कारण आहे. हातात पेन धरून ‘व्हॉट इज धिस?’ विचारले, तर मुलाला ठाऊक असते की सरांना उत्तर आधीच माहीत आहे. तिथे ते कशाला बोलेल?

तिसरा, कानात सांगणे. चार्ल्स करन हे शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक आणि कॅथलिक धर्मगुरू. त्यांच्या पद्धतीत शिकणारे गोल करून बसतात. ज्याला काही सांगायचे आहे तो आपल्या भाषेत सांगतो. मागे उभा असलेला शिक्षक तेच वाक्य नव्या भाषेत हळूच सांगतो आणि तो ते सगळ्यांना ऐकवतो. आपल्याला पावरी येत नसेल, तर वसतिगृहातल्या मोठ्या मुलीला मदतीला घ्या. मुलाला सांगायचे असते शेळीविषयी, धाकट्या भावाविषयी. आपण मात्र त्याला पाठ्यपुस्तकातले वाक्य देतो.

याबरोबर दोन सवयी लावून घ्या. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश तीन आकडे मोजा. मेरी बड रो या संशोधिकेला असे आढळले, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले, की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलतात. तिचे निरीक्षण विज्ञानाच्या तासांचे होते. आपल्या मुलांना तर दोन भाषा ओलांडून यायचे असते, त्यांना त्याहून जास्त वेळ लागेल. दुसरी सवय चुकांविषयीची. मूल म्हणाले, ‘आय गो होम यस्टरडे’, तर त्याला मध्येच अडवू नका. ‘ओ, यू वेंट होम यस्टरडे? हू वॉज देअर?’ असे म्हणून बोलणे पुढे न्या. बरोबर रूप त्याच्या कानावर पडले आणि मानही राहिला.

ही रीत आपल्याला परकी नाही. विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, मराठीचे व्याकरण इंग्रजीत छापले. त्याला त्यांनी रोजच्या व्यवहारातले संवादही जोडले. पंडित वैजनाथांसारख्या जाणत्या माणसाच्या मदतीने ते मराठी शिकले. परकी भाषा शिकताना शेजारी धीर देणारे कोणीतरी लागते, आणि भाषेचे नुसते नियम पाठ करून भागत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

म्हणून विनंती अशी. वर्गावर जाताना मुलांची यादी सोबत न्या. जे मूल त्या दिवशी स्वतःचे एक तरी वाक्य बोलले, त्याच्या नावापुढे टिंब द्या. महिनाअखेरीला ज्या नावापुढे एकही टिंब नसेल, त्या मुलाला रागावू नका. पुढच्या खेपेला त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि आधी त्याच्याकडून त्याच्या भाषेतले चार शब्द शिका. आपण चुकतो, हसतो आणि पुन्हा म्हणून पाहतो, हे त्याला दिसू द्या.

आपल्या या सेवेला प्रभू यश देवो.