उत्तर सापडल्यावर उरणारा प्रश्न

विज्ञानकादंबरी म्हणजे हुशारीनं रचलेलं कोडं, ते सुटलं की पुस्तक संपलं, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी तो खोडून काढते. लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीचा ज्ञानाचा ठेवा खोदकामात हाती लागतो. शास्त्रज्ञ त्यातली एकेक खूण उलगडत जातात. त्यातून ‘गुरू’ नावाचा संगणक उभा राहतो आणि पुढं ‘वामन’ हा यंत्रमानव. वाचकही त्यांच्याबरोबर तर्क लढवत राहतो. पण एवढं जाणणारी संस्कृती नष्ट कशी झाली, हा प्रश्न डोकं वर काढतो आणि कोड्याचं रूप पालटतं. जे करता येतं ते करावंच का, या पेचाशी आपण येऊन ठेपतो. वामन हे नावही उगाच आलेलं नाही. तीन पावलं जमीन मागणाऱ्या बटूची गोष्ट मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते, त्यामुळे धोक्याची चाहूल त्याला पात्रांच्या आधी लागते. इथलं तत्त्वचिंतन कथानकाच्या गाठीतच बांधलेलं आहे.

अशा लेखनात माणसं फिकी पडतात, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. मात्र कुतूहल आणि महत्त्वाकांक्षा यांच्या ओढाताणीत माणूस निर्णय कसा घेतो, हे दाखवणं हेही स्वभावदर्शनच. दुसरा आक्षेप, विज्ञान न शिकलेल्याला यात रस कसा वाटावा? नारळीकरांच्याच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन येतात, जिथं १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. पुरावा म्हणून त्यांच्यापाशी बखरीचं एक फाटकं पान उरतं. प्रत्यक्षात पेशवेपुत्र विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी त्या पानावर कानाजवळून निघून जाते. कथेमागच्या पुंजभौतिकीचा गंध नसलेला वाचकही इथं थबकतो आणि घडलं ते अटळ होतं का, असं स्वतःला विचारू लागतो. विचाराला एवढी चालना मिळाली की रस आपोआप येतो.

साहित्य आणि विज्ञान यांना जोडणारी अशी चर्चा नागपुरात सहज होऊ शकते: १९२३ मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ इथं आहे, रमण विज्ञान केंद्रही आहे. या दोन्हींकडे वळणाऱ्या वाचकांनी एकत्र बसून ‘वामन परत न आला’ वाचावी. यंत्रं माणसाचं काम झपाट्यानं हाती घेत असताना ही चर्चा पुढं ढकलण्यासारखी नाही. आपल्या वाचकमंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी हीच कादंबरी निवडा. फक्त शेवट कुणी आधी सांगू नका.