पुरुषांच्या घोळक्यातला पुरुष



विषय समलैंगिकतेचा असला तरी आज मी बोलणार आहे ते समलिंगी नसलेल्या पुरुषांबद्दल, म्हणजे या सभागृहातल्या बहुतेक पुरुषांबद्दल.

अमेरिकेत झालेल्या पाहण्यांत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. समलिंगी व्यक्तींविषयी पुरुषांची मतं स्त्रियांपेक्षा कडवट असतात, आणि समलिंगी पुरुषांविषयी तर ती विशेष कडवट असतात. १९९६ साली मेरी काइट आणि बर्नार्ड व्हिटली यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात नागरी हक्कांविषयीच्या प्रश्नांवर स्त्री-पुरुषांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. प्रश्न समलिंगी पुरुषाबद्दल आला की फरक वाढत होता. सगळं तत्त्वावर अवलंबून असतं, तर असं झालं नसतं.

धर्म, वय, शिक्षण यांचा प्रभाव असतोच. समलिंगी कल उपजत असतो असं मानणारे लोक, ती निवड आहे असं मानणाऱ्यांपेक्षा सौम्य असतात, हेही दिसून आलं आहे. पण माझ्या मते खरं मूळ पुरुषपणाच्या धास्तीत आहे.

ग्रेगरी हेरेक या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्येच हे मांडलं होतं. पुरुष असणं पुरेसं नसतं, ते सतत सिद्ध करावं लागतं, आणि त्याचे परीक्षक बहुधा इतर पुरुषच असतात. आपल्याकडे हे शिक्षण फार लवकर सुरू होतं. ‘मुलीसारखा रडतोस काय?’ हा पहिला धडा. ‘बायल्या’ हा शब्द शाळेच्या मैदानावर कानी पडतो तेव्हा मुलाला लैंगिकतेतलं काहीही कळत नसतं. तो शब्द आपल्याला चिकटता कामा नये, एवढं मात्र पक्कं कळतं. पुढे होस्टेलच्या खोलीत किंवा कट्ट्यावर तोच मुलगा समलिंगी माणसावर विनोद करतो. तो माणूस तिथे असण्याची गरजही नसते. विनोद बाजूला बसलेल्या मित्रांसाठी असतो: मी तुमच्यातलाच आहे.

म्हणूनच ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले, तरी कट्ट्यावरची भाषा त्या दिवशी बदलली नाही. तो निकाल मला फार मोलाचा वाटतो. पण कट्ट्यावर न्यायालयाचा अंमल चालत नाही.

मग मत बदलतं कशाने? हेरेक आणि जॉन कॅपिटॅनिओ यांच्या १९९६ च्या अभ्यासात, ज्यांच्या ओळखीत समलिंगी व्यक्ती होती त्यांची मतं अधिक मोकळी होती. ज्यांना त्या व्यक्तीने स्वतः विश्वासात घेऊन सांगितलं होतं, त्यांची आणखीच. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा आपलं मन तिचा मित्र बापू याच्याजवळ उघडं करते, ते मला इथे आठवतं. तिला ऐकून घेणारा हवा होता, आणि तिने तो निवडला.

ही निवड महत्त्वाची आहे. त्याच अभ्यासात उलटी वाटही दिसली: ज्यांची मतं आधीपासून मोकळी होती, त्यांच्या वाट्याला पुढे अशी ओळख अधिक आली. सांगणारा आधी आपल्याला जोखतो. सिनेमातल्या समलिंगी पात्रावर आपण कसे हसलो, ऑफिसातल्या नाजूक चालीच्या सहकाऱ्याला काय नाव ठेवलं, हे आपला भाऊ, भाचा किंवा मुलगा वर्षानुवर्षं ऐकत असतो, आणि आपल्याला सांगायचं की नाही ते त्यावरून ठरवतो.