रक्तवाढीची गोळी



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. पहाटे अंधारात कोपीवर चहा होतो. त्या चहाबरोबरच पुष्कळ बाया रक्तवाढीची लाल गोळी घेतात. महिना जातो, तरी दम लागतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. मग त्या म्हणतात, "गोळीत काही राम नाही." आम्ही म्हणतो, गोळी चांगली आहे, तिची वाट अडली आहे.

ती कशी? गोळीत लोह असते. गोळी पोटात विरघळते व लहान आतड्यात उतरते. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लोह रक्तात शिरते. चहात तुरट द्रव्य असते. ते लोहाला धरून ठेवते. मग ते लोह शौचावाटे वाया जाते. लिंबू किंवा आवळा मात्र लोहाला वाट करून देतो.

रक्तातले लोह हाडांच्या मगजात जाते. तिथं तांबड्या पेशी तयार होतात. उरलेले लोह यकृतात साठते, जसे कणगीत धान्य. बरं वाटलं म्हणून गोळी सोडली, तर कणगी रिकामीच राहते. म्हणून गरोदरपणी रोज एक याप्रमाणे १८० दिवस, व बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस गोळी देतात. इतर बायांनी आशाताई सांगतील तशी घ्यावी.

गोळी रात्री झोपताना पाण्याबरोबर घ्या. चहा आणि गोळी यांत दोन तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौच काळे होते, त्याला भिऊ नका. मळमळलं तर जेवणावर घ्या, पण सोडू नका. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. जास्त खाल्ल्या तर त्यांच्या जिवावर बेततं.

अंगावर फार जात असेल, तर नुसती गोळी पुरत नाही. फुटका रांजण भरत नाही. रक्त का जाते, ते सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. २०१९ साली ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कोणी पिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि बंधूंनो, निघताना मुकादमाची उचल आपण विसरत नाही. तशीच घरच्या बाईच्या गोळ्यांची आठवण ठेवा. उपकेंद्रातून पाकिटं घ्या, मगच गाडीत बसा.